झाडाच्या तेलाचं कटिंग ऑइल: टॅपिंगला नाद खुळा, टाकीत मात्र भरू नका

पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. वनस्पती तेलापासून बनवलेलं "नीट" कटिंग ऑइल (म्हणजे पाणी न मिसळता वापरायचं, धातू कापतानाचं तेल) टॅपिंग म्हणजे भोकात आटे पाडायला, रीमिंग म्हणजे भोक अचूक मापात आणायला आणि एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) ड्रिलिंगला बिनधास्त घ्या, पैसे वसूल आहेत. पण तेच तेल मशीनच्या टाकीत भरून महिनोन्महिने फिरवायचा विचार असेल, किंवा कुणी सेल्सवाला "हायड्रॉलिकला पण चालतंय की साहेब" म्हणून गळ्यात मारत असेल, तर खालचं वाचा आणि मग काय ते ठरवा.

आमचं कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारा) लेथ, एक व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन, जुनं रेडियल ड्रिल, आणि काम बहुतेक पंप-व्हॉल्व्हच्या पार्टचं, म्हणजे एसएस ३०४, ३१६, थोडं ईएन ८ (साधं कार्बन स्टील) आणि मधूनमधून पितळ. या तेलाकडे वळलो ते काही एकदम निसर्गप्रेम उफाळून आलं म्हणून नाही. एका एक्स्पोर्टवाल्या कस्टमरच्या ऑडिटमध्ये प्रश्न आला की तुमच्या कटिंग ऑइलमध्ये क्लोरीन आहे का. आता एसएसला चालणाऱ्या स्वस्त मिनरल (म्हणजे पेट्रोलियमच्या) तेलात बऱ्याचदा क्लोरिनेटेड पॅराफिन असतंच, त्याच्यावरच तर ते हेवी कटला टिकतं. पण त्यातली शॉर्ट चेन जात २०१७ ला स्टॉकहोम कन्व्हेन्शनच्या यादीत गेली, म्हणजे निसर्गात वर्षानुवर्षं न मोडणाऱ्या विषारी केमिकलच्या यादीत, तेव्हापासून बाहेरचे कस्टमर या विषयावर एकदम कडक झालेत. त्यात आमच्या दोन पोरांच्या हातावर मिनरल तेलाने पुरळ यायचं, ते वेगळंच.

ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण मला तरी वाटतंय की एकच माल दोन-तीन जण आपापलं लेबल लावून विकतायत, डेटा शीट समोरासमोर ठेवल्या तर स्वल्पविरामसुद्धा सेम आहेत. तुम्ही मागताना एवढंच बघा: बेस हाय ओलेइक (म्हणजे ओलेइक हे लवकर खराब न होणारं फॅटी ॲसिड जास्त असलेलं) वनस्पती तेल किंवा त्याच्यापासून बनवलेलं एस्टर, सोबत सल्फराइज्ड फॅट म्हणजे गंधक जोडलेलं फॅट, क्लोरीन शून्य. रंग मधासारखा सोनेरी, वास हलका, झाकण उघडल्यावर तळणीच्या कढईची आठवण होते पण डोकं चढत नाही.

आता टॅपिंग. एसएस ३०४ ला एम ६ चा टॅप मारणं म्हणजे काय असतं ते ज्याने मारलाय त्यालाच माहीत, मटेरियल कापता कापता कडक होत जातं, चिप नीट तुटत नाही, आणि टॅप भोकातच तुटला की जॉब पण गेला आणि तो काढायला स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणाऱ्याकडे) हेलपाटा. आमचे तात्या रेडियलवर कितीतरी वर्षं आहेत, त्यांची पद्धत म्हणजे ॲल्युमिनियमला रॉकेल आणि एसएसला खोबरेल, डबी कायम मशीनवर. मी हे नवीन तेल आणलं तर पहिल्यांदा हुंगून म्हणाले, "हे तर शेंगतेलच हाय की, फोडणीला न्यायचं का घरी?" दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच खोबरेलाची डबी कपाटात ठेवली. टॅपला लागणारा जोर कमी झाल्याचं हाताला कळतं, उलटं फिरवून काढताना तो किरर्र आवाज येत नाही, आणि थ्रेडची फिनिश भिंगातून बघितली तर फाटलेली दिसत नाही. टॅप तुटायचं पूर्ण थांबलं असं नाही म्हणणार, पण तुटलेल्या टॅपचा डबा पूर्वीसारखा भरत नाही एवढं नक्की.

हे असं का होतं ते मी सप्लायरच्या केमिस्टला विचारून घेतलं आणि मग स्वतः पण वाचलं. मिनरल तेल म्हणजे नुसते हायड्रोकार्बन, ते धातूवर पसरतं पण धातूला धरत नाही, दाब आला की बाजूला सरकतं. वनस्पती तेलाच्या रेणूला एस्टरचं डोकं असतं, त्याला पोलॅरिटी (विजेच्या भाराचा किंचित असमतोल) असते, ते डोकं धातूच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि लांब शेपट्या बाहेर उभ्या राहतात. अशी रेणूंची गच्च रांग टूल आणि जॉबच्या मध्ये बसते. टॅपिंगला स्पीड कमी आणि दाब जबरदस्त, तिथे तेलाचा जाड थर तयारच होत नाही, जे काही वाचवायचं ते त्या चिकटलेल्या पातळ थरानेच. म्हणून तात्यांचं खोबरेल पण इतकी वर्षं चालत होतं, ते काही अडाणीपणाने करत नव्हते. फक्त खोबरेल पंचवीस डिग्रीच्या खाली थिजतं आणि आमच्याकडे जानेवारीत सकाळी डबी शेगडीजवळ नेऊन ठेवायला लागायची. नवीन तेलात ओलेइक जास्त असल्यामुळे आणि वर थिजू नये म्हणून ॲडिटिव्ह टाकलेलं असल्यामुळे ती भानगड नाही.

धुराचं सांगायचं राहिलं. वनस्पती तेलाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते तो, ३०० डिग्रीच्या वर असतो, आम्ही आधी वापरायचो त्या पातळ मिनरल तेलाचा डेटा शीटवर दोनशेच्या आतच होता. फरक शॉपमध्ये शिरल्या शिरल्या कळतो, दुपारी ट्यूबलाइटभोवती जो निळसर ढग असायचा तो गेला. पोरांच्या हाताचं पुरळ पण बरंच कमी झालं, आता यात तेलाचा वाटा किती आणि मी त्याच वेळी आणलेल्या नायट्राइल ग्लोव्ह्जचा किती हे मी काही छातीठोक सांगू शकत नाही.

व्हीएमसीवर आम्ही एमक्यूएल लावलं, म्हणजे मिनिमम क्वांटिटी लुब्रिकेशन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नेहमीचं कूलंट मिनिटाला कित्येक लिटरने जॉबवर ओततात, इथे दाबाच्या हवेबरोबर तेलाचा बारीक फवारा थेट टूलच्या टोकावर जातो, आणि तासाला तेल लागतं दहा मिलीपासून फार तर शंभर मिलीपर्यंत. तेल परत टाकीत येतच नाही, चिपबरोबर गेलं ते गेलं. चिप जवळजवळ कोरडी निघते, भंगारवाला खूश, फरशी घसरडी नाही. या कामासाठी वनस्पती एस्टर बरेच वापरतात, आणि इथे हे तेल खरंच शोभून दिसतं. फक्त खोल भोक पाडताना किंवा जिथे नुसती उष्णता काढायची असते तिथे एमक्यूएल कमी पडतं, तिथे आम्ही अजून पाण्यात मिसळायचं कूलंटच मारतो. आणि फवारा श्वासात जातोच, तेल झाडाचं असलं म्हणून फुप्फुसाला चालतं असं समजू नका, एक्झॉस्ट फॅन हवाच.

आता वाईट बाजू, आणि ही मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण ब्रोशरमध्ये हे कुणी छापत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर रेडियलचं टेबल उघडलं तर सगळीकडे पिवळा-तपकिरी चिकट थर. बोटाने निघेना, रॉकेलने पण नीट निघेना, शेवटी गरम कॉस्टिकच्या पाण्याने धुतलं. टेबलच्या टी स्लॉटमध्ये, ड्रिल चकच्या जबड्यात, ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या टॅपवर, जिथे पातळ थर राहिला तिथे त्याचं वॉर्निश झालेलं. हा काही भेसळीचा प्रकार नाही, वनस्पती तेलाचा स्वभावच आहे. तेलातल्या फॅटी ॲसिडमध्ये डबल बाँड असतात, आणि हवेतला ऑक्सिजन त्यांच्या शेजारीच घाव घालतो. ओलेइकमध्ये एक डबल बाँड, लिनोलेइकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. पण तीन म्हणजे तिप्पट त्रास असं गणित नाहीये, लिनोलेइक हे ओलेइकच्या दहापटीहून जास्त वेगाने खराब होतं आणि लिनोलेनिक त्याच्याही साधारण दुप्पट. जवसाच्या तेलात लिनोलेनिक निम्म्याच्या आसपास असतं म्हणून तर ते ऑइल पेंटमध्ये घालतात, सुकून कडक थर व्हावा याचसाठी. म्हणजे पेंटवाल्याला जे हवंय तेच आपल्याला नकोय. तांबं-पितळ-लोखंडाची बारीक चिप तेलात पडली असेल तर हे अजून जोरात चालतं, धातू त्या रिॲक्शनला ढकलतात. आणि मशीन शॉपमध्ये चिप नसलेलं तेल मिळणार कुठे?

म्हणूनच ज्यांना वाटतंय की एवढे पैसे कशाला, किराणा दुकानातून सूर्यफूल नाहीतर सोयाबीनचा डबा आणतो, त्यांनी तो नाद सोडावा. साध्या सूर्यफुलात आणि सोयाबीनमध्ये लिनोलेइकच निम्म्याच्या वर असतं, चार दिवस बरं वाटेल, मग खवट वास आणि गोंद. मशीनला वापरायचं तर हाय ओलेइक जातीच्या बियांचं तेल घेतात, त्यात ओलेइक ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतं, वर अँटिऑक्सिडंट घालतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे रेणूच बदलायचा. तेलाच्या रेणूत मध्ये ग्लिसरॉल असतो आणि उष्णतेत तो सांधाच आधी तुटतो, मग तो काढून त्याच्या जागी ट्रायमिथिलॉल प्रोपेन जोडतात, फॅटी ॲसिड झाडाचंच राहतं पण सांधा टिकाऊ होतो. किंवा डबल बाँडच्या जागी ऑक्सिजनची कडी बसवतात, एपॉक्सिडाइज्ड सोयाबीन तेल म्हणतात ते, प्लॅस्टिकवाले हे आधीपासून वापरतातच. या प्रत्येक पायरीला खर्च आहे, आणि डब्याच्या किमतीत जो फरक दिसतो तो इथून येतो. त्यामुळे नुसतं "व्हेजिटेबल बेस" एवढंच लिहिलेला स्वस्त डबा दिसला तर समजा की पायऱ्या गाळल्यात.

यात एरंडेल जरा वेगळ्या वळणाचं आहे. ओसाड गावी एरंड बळी म्हणून आपण त्याची टिंगल करतो पण वंगणात त्याने मोठमोठ्या गावांत राज्य केलंय. त्यात रिसिनोलेइक ॲसिड ८५ ते ९० टक्के, आणि त्या ॲसिडला एक जादाचा हायड्रॉक्सिल गट, त्यामुळे एरंडेल बाकी सगळ्या तेलांपेक्षा कितीतरी घट्ट आणि पेट्रोलमध्ये सहज न मिसळणारं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनं याच कारणासाठी एरंडेलावर चालायची, आणि कॅस्ट्रॉल हे नाव सुद्धा कॅस्टरवरूनच आलंय, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेलच घालायचे, गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असायची ते गावाकडच्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. एरंड जगात सगळ्यात जास्त आपल्या देशात पिकतो आणि त्यातला बहुतेक गुजरातेत, त्यामुळे कच्च्या मालासाठी बाहेर बघायची गरज नाही. माझ्या डब्यात पण एरंडेलाचं काहीतरी आहे असं केमिस्ट म्हणाला, किती टक्के ते काही सांगेना, धंद्याचं गुपित.

टाकीत का भरू नका, तर वर लिहिलेलं सगळं टाकीत एकत्र घडतं: हवा, उष्णता, चिप, आणि वरून पाणी. एस्टर आणि पाणी एकत्र आलं की हळूहळू एस्टर फुटून ॲसिड मोकळं होतं, ॲसिड वाढलं की गंज आणि सीलची वाट. शेजारच्या एका शॉपमध्ये सेल्सवाल्याच्या शब्दावर प्रेसच्या पॉवर पॅकमध्ये (हायड्रॉलिकचा पंप आणि टाकी असते त्यात) असलंच कच्च्या वनस्पती बेसचं तेल भरलं होतं, पावसाळा संपेपर्यंत व्हॉल्व्ह अडकायला लागले, फिल्टर उघडला तर आत डिंक. हायड्रॉलिकसाठी वेगळी सिंथेटिक एस्टरची तेलं असतात, युरोपात जंगलातल्या आणि धरणावरच्या मशीनना ती वापरतातही, पण ती वेगळी चीज आहे आणि किंमतही वेगळी. मला विचाराल तर वनस्पती तेल घ्यायचं की नाही हा प्रश्नच अर्धवट आहे, ते एकदा लागून निघून जाणार आहे की परत परत फिरणार आहे हे आधी बघायचं. निघून जाणार असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही.

निघून जाण्याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे चेनसॉ, झाडं कापायची साखळीवाली करवत. आमच्या मेहुण्यांची आजऱ्याला काजूची बाग आहे, मशीनच्या पट्टीवर चेनला जे तेल लागतं ते सगळंच्या सगळं उडून भुशात आणि जमिनीत जातं, परत काहीच येत नाही. बरेच जण तिथे गाडीचं काढलेलं जळकं इंजिन ऑइल घालतात, म्हणजे फुकट मिळतंय म्हणून काजूच्या बुडात विष. ऑस्ट्रियाने तर १९९२ पासून चेनसॉला मिनरल चेन ऑइलच बंद केलंय. मी माझ्यातलंच थोडं तेल दाजींना दिलं, कटिंग ऑइल असल्यामुळे चेनसाठी जरा पातळ पडलं, चेनवरून लवकर उडतं, म्हणून त्यांनी आता चेनसाठीचं घट्ट वनस्पती तेल मागवलंय. त्यांना एकच सांगितलंय की सीझन संपल्यावर टाकी रिकामी करून चेन पुसून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी चेन पट्टीलाच चिकटलेली सापडेल.

पितळेवर वापरणार असाल तर सप्लायरला सल्फर ॲक्टिव्ह (धातूशी लगेच रिॲक्शन करणारं) आहे की इनॲक्टिव्ह ते विचारा. ॲक्टिव्ह असेल तर जॉब काळा पडतो, आम्ही आता पितळेला याच कंपनीचं सल्फर नसलेलं घेतो. प्लेटिंगला जाणारे जॉब तेलकट तसेच ठेवून देऊ नका, त्याच दिवशी धुवा, ताजं असताना अल्कलीच्या गरम पाण्यात हे तेल मिनरलपेक्षा सोपं निघतं कारण त्याचा चक्क साबणच होतो.

आता त्या हिरव्या पानाच्या लोगोबद्दल. माझ्या डब्यावर रेडिली बायोडिग्रेडेबल (निसर्गात सहज कुजणारं) लिहिलंय, ओईसीडी ३०१ बी टेस्टप्रमाणे. त्याचा अर्थ असा की टेस्टच्या बाटलीत जंतूंनी २८ दिवसांत तेलातल्या किमान ६० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड केला पाहिजे. चांगलंच आहे, मिनरल तेलं सहसा तिथे पोचत नाहीत. पण ती टेस्ट कोऱ्या तेलाची असते. आपल्या ट्रेमधून निघतं त्यात निकेल-क्रोमची पूड, स्लाइडवेचं (मशीनच्या सरकपट्ट्यांचं) मिनरल तेल, कूलंट, सगळा काला असतो, आणि निकेल-क्रोम काही कुठला जंतू खात नाही. शिवाय जंतू तेल खाताना पाण्यातला ऑक्सिजन पण संपवतात. पंचगंगेत मेलेल्या माशांचे फोटो आपण कोल्हापूरकर पेपरात बघतच असतो, त्यात आपली भर नको. एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची) कन्सेंट असेल तर हे वेगळ्या ड्रममध्ये साठवून अधिकृत माणसालाच द्या, आणि मिनरलच्या जुन्या तेलात मिसळू नका, री-रिफायनिंगवाला दोन्ही एकत्र घ्यायला कुरकुर करतो.

अजून एक गोष्ट मला खटकते. आपला देश खायच्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, आणि इथे आपण सूर्यफूल मशीनला पाजायचं म्हणजे हिशोब कुठेतरी चुकतोय. त्यामुळे मला एरंड आणि करंज यांच्यात जास्त रस आहे. करंज तर आपल्याकडे रस्त्याकडेला ओळीने उभे आहेत, तेल कडू, उग्र वासाचं, खाण्यालायक नाही, पण ओलेइक भरपूर. तळणीचं वापरलेलं तेल आहे ते पण यात येऊ शकतं, पोलर कंपाउंड (तळून तळून तेलात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खायला वापरायला एफएसएसएआयची (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) बंदीच आहे, सध्या ते बहुतेक बायोडिझेलकडे वळवायचं चाललंय. माझ्या सप्लायरला करंजाचं विचारलं तर म्हणाला त्याचा उग्र वास घालवणं अजून नीट जमत नाही. तो वास गेला तर मी पहिला डबा घेईन.

किमतीचं म्हणाल तर लिटरला मिनरलच्या अडीच-तीनपट पडतं. टॅपिंगला एवढंसं लागतं की फरक महिन्याच्या टॅप खर्चातच निघतो. एमक्यूएलला तर हिशोबच करायची गरज नाही. पण सगळ्या शॉपला नीट ऑइल म्हणून वापरायचं तर खिसा फाटेल.

घेताना पाच लिटरचा कॅन मागा. सप्लायर वीसची बादली पुढे करतो, दर कमी लावतो, पण उघडलेली बादली पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ठेवून खवट करण्यात काय अर्थ आहे. कॅनवर उत्पादनाची तारीख बघा, आमच्या कॅनवर वर्षभराची मुदत आहे. ॲसिड नंबर (तेलात किती ॲसिड मोकळं आहे त्याचा आकडा) आणि क्लोरीनचा बॅचवाइज रिपोर्ट मागा, जो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, आम्ही पहिल्या एकाला त्याच कारणाने परत पाठवलं. पाचपैकी टॅपिंग-रीमिंगला पाच, एमक्यूएलला साडेचार, स्वच्छतेला दोन आणि किमतीला तीन देतो. कुणाला थेंबभर टेस्ट करून बघायचं असेल तर शॉपवर बाटली घेऊन या, मंगळवारी सुट्टी असते तेवढा वार सोडून.